मासे मेले, ते कुणाची नजर लागून?

पावसाळ्यातली संध्याकाळ. दिवेलागणीला डास घोंघावू लागतात. घरातली सून दारे-खिडक्या लावून घेते, कोपऱ्याकोपऱ्यांत औषधाचा फवारा मारते आणि अर्ध्या तासाने पंखा सुरू करते. रात्री सगळे निर्धास्त झोपतात. सकाळी धाकटा मुलगा डोळे चोळत दिवाणखान्यात येतो, तर टाकीतले सहाच्या सहा मासे पोट वर करून तरंगत असतात. मुलगा रडू लागतो. आजी त्याला जवळ घेते, "रडू नको रे राजा, घरावर काहीतरी यायचे होते, ते त्यांनी आपल्या अंगावर घेतले." शेजारीण म्हणते, "अहो, नजर लागली. परवा पाहुण्यांनी किती कौतुक केले होते टाकीचे!" चार दिवसांनी नवे मासे येतात. फवाऱ्याचा डबा मात्र टाकीखालच्या कपाटात तसाच असतो.

थोड्याफार फरकाने हा प्रकार अनेक घरांत घडतो. वास्तू आणि फेंगशुईच्या नावाखाली अ‍ॅक्वेरियम घरोघरी पोहोचले, त्याबरोबर ही समजूतही आली की, मासा मेला म्हणजे घरावरचे संकट टळले. ही समजूत नुसती निराधार नाही, माशांच्या जिवावर उठणारीही आहे. कारण संकट टळले असे एकदा मानले की, मासा कशाने मेला हे कुणी विचारतच नाही. खरे कारण बहुतेक वेळा त्याच खोलीत असते. ते फवाऱ्याच्या डब्यात, फिनाईलच्या बाटलीत, नळाच्या पाण्यात किंवा आपल्याच हाताला लागलेल्या साबणात दडलेले असते.

माशाला खोली सोडून जाता येत नाही

घरात उग्र वास सुटला तर आपण खिडकी उघडतो, फार झाले तर बाहेर जाऊन उभे राहतो. माशाला ही सोय नाही. तो ज्या पाण्यात राहतो, त्यातच खातो, त्यातच उत्सर्जन करतो आणि तेच पाणी कल्ल्यांवरून सतत फिरवून श्वास घेतो. कल्ल्यांची त्वचा अतिशय पातळ असते. पाण्यातला प्राणवायू तिच्यातून रक्तात जातो, तसेच पाण्यात मिसळलेले विषही जाते.

टाकी वरून काचेने झाकलेली असली तरी ती बंद नसते. बुडबुडे सोडणारा एअर पंप खोलीतली हवा ओढून रात्रंदिवस पाण्यात सोडत असतो. म्हणजे खोलीच्या हवेत जे असेल ते थोड्याच वेळात पाण्यातही येते. त्यात पाणी जितके कमी, तितका विषाचा परिणाम तीव्र. चार लिटरच्या काचेच्या गोल भांड्यात आणि पन्नास लिटरच्या टाकीत एकच चूक झाली, तर भांड्यातला मासा आधी मरतो. इटलीतल्या मोन्झा शहराने २००४ मध्ये आणि रोमने २००५ मध्ये गोल भांड्यात मासे ठेवण्यावर बंदी घातली. आपल्याकडे अशी भांडी आजही भेट म्हणून दिली जातात. नीट निगा राखली तर गोल्डफिश दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. तो चार महिन्यांत मेला तर 'एवढेच त्याचे आयुष्य' असे म्हणून चालणार नाही.

डासांचे औषध माशांवर बेतते

घरगुती धोक्यांत पहिला क्रमांक कीटकनाशकांचा आहे. डासांचे फवारे, वड्या, बाटलीत बसवायची यंत्रे, झुरळांसाठी मारायच्या खडूच्या रेषा या सगळ्यांत बहुधा पायरेथ्रॉइड गटातली रसायने असतात. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात डास-माश्यांना मारणारे द्रव्य असते, त्याच धर्तीवर ती कारखान्यात बनवली जातात. माणसाचे शरीर ही रसायने लवकर निष्प्रभ करते. माशाच्या शरीराला ते जमत नाही. पाण्यात अगदी सूक्ष्म प्रमाण गेले तरी त्याच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो. टाकीत छोट्या कोळंब्या असतील तर त्याही सुटत नाहीत. कोळंबी तर माशाच्याही आधी मरते.

म्हणूनच अशा अनेक उत्पादनांच्या डब्यावर बारीक अक्षरांत सूचना छापलेली असते की, वापरण्यापूर्वी मत्स्यटाकी झाकावी व पंप बंद करावा. ही ओळ वाचली जात नाही, हीच अडचण आहे. 'हर्बल' किंवा 'नैसर्गिक' असे लिहिलेले पाहूनही गाफील राहू नका. फुलापासून काढलेले मूळ द्रव्यही माशांना घातक असते.

गंमत म्हणजे डासांचा बंदोबस्त करण्यासाठी विहिरी, हौद आणि कारंज्यांत गप्पी मासे सोडले जातात, कारण ते डासांच्या अळ्या आवडीने खातात. तेच गप्पी दिवाणखान्यात ठेवायचे आणि शेजारी फवारा मारायचा, याला काय म्हणावे?

टाकी असलेल्या खोलीत फवारा मारूच नये. डासांसाठी खिडक्यांना जाळी आणि झोपताना मच्छरदाणी हा सर्वांत चांगला उपाय आहे. यंत्र लावायचेच असेल तर ते दुसऱ्या खोलीत लावा आणि मधले दार बंद ठेवा.

घरात पेस्ट कंट्रोल करून घेणार असाल तर कर्मचारी दारात आल्यावर धावपळ करू नका. छोटी टाकी आदल्या दिवशीच शेजाऱ्यांकडे हलवा. मोठी टाकी हलवणे शक्य नसेल तर त्या खोलीत फवारणी करू नका, असे आधीच स्पष्ट सांगा. घराच्या इतर भागांत फवारणी चालू असताना टाकीचा पंप बंद करा, टाकीवर प्लास्टिकचा मोठा कागद घाला आणि त्याच्या कडा चिकटपट्टीने काचेला बंद करा. टाकीत माशांची फार गर्दी नसेल तर पंपाशिवाय काही तास निभावतात. नंतर खिडक्या उघडून घर चांगले हवेशीर होऊ द्या. वास पूर्ण गेल्यावरच कागद काढा आणि पंप सुरू करा.

पाळीव कुत्र्याच्या पिसवा-गोचिडांवरची काही औषधेही याच जातीची असतात. कुत्र्याला औषध लावलेल्या हाताने माशांना खाऊ घालू नका. कुंडीतल्या झाडांवर फवारणी केली असेल तर त्यातली मनी प्लँटची फांदी टाकीत खोचू नका.

फिनाईल, साबण आणि आपले हात

लादी पुसण्याचे फिनाईल, संडास धुण्याचे अ‍ॅसिड, काच पुसण्याचा अमोनियायुक्त द्रव, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या यांपैकी एकही वस्तू टाकीजवळ नको. टाकीची बाहेरची काच पुसायची असेल तर द्रव काचेवर उडवू नका. साध्या पाण्यात भिजवून पिळलेले फडके पुरते. कामाला येणाऱ्या बाईंनाही हे नीट समजावून सांगा. त्यांना सांगितलेच नाही, तर दोष त्यांचा कसा?

टाकीची बादली, मग, जाळी आणि नळी वेगळी ठेवा. बादलीवर रंगाने मासा काढून ठेवला तर घरातले लहान-मोठे सगळे ओळखतील. कपडे भिजवलेल्या बादलीत कितीही पाणी फिरवले तरी साबणाचा अंश राहू शकतो. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तोच त्याचे जंतूंपासून रक्षण करतो. साबण हा थर धुऊन काढतो आणि कल्ल्यांना इजा करतो. त्यामुळे टाकी, रेती किंवा शोभेचे दगड साबणाने कधीच धुऊ नयेत. साधे पाणी, फार तर जाड मीठ पुरेसे असते. मिठाने घासल्यावर भरपूर पाण्याने खळखळून घ्यावे.

टाकीत हात घालण्यापूर्वी क्रीम, अत्तर, डास पळवणारे मलम, तेल, नखांचे रंग उतरवण्याचे द्रव यांपैकी काही हाताला नाही ना, हे पाहा. हात साध्या पाण्याने कोपरापर्यंत चोळून धुवा. काम झाल्यावर मात्र साबणाने धुवा, तेव्हा काळजी आपल्या तब्येतीची.

टाकीला कुठे गळती लागली तर न्हाणीघरात वापरायचे सिलिकॉन भरू नका. त्यात बुरशी मारणारी द्रव्ये मिसळलेली असू शकतात. अ‍ॅक्वेरियमसाठी वेगळे सिलिकॉन मिळते, तेच आणा.

नळाचे पाणी थेट नको

पिण्याच्या पाण्यातले जंतू मरावेत म्हणून नगरपालिका त्यात क्लोरीन मिसळते. भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे लागते. आपल्यासाठी हे संरक्षण आहे, पण माशाचे कल्ले त्याने भाजल्यासारखे होतात. म्हणून नळाचे पाणी रुंद तोंडाच्या बादलीत किमान २४ तास उघडे ठेवून मगच वापरावे. त्यात एअर पंपाचे बुडबुडे सोडले तर क्लोरीन आणखी लवकर उडून जातो. घाई असेल तेव्हा अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात क्लोरीन घालवणारे थेंब मिळतात, ते बाटलीवरच्या प्रमाणातच घालावेत.

इमारतीची गच्चीवरची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतली जाते, तो दिवस विशेष जोखमीचा. सोसायटीची सूचना लागली की, आदल्या दिवशीच दोन बादल्या पाणी भरून ठेवा आणि पुढचे दोन दिवस टाकीचे पाणी बदलू नका.

पावसाळ्यात पाणी गढूळ आले की, तुरटी फिरवण्याची आपली जुनी सवय आहे. माशांच्या पाण्यात तुरटी नको, तिने पाण्याची आम्लता वाढते. बोअरवेलच्या पाण्यात क्लोरीन नसला तरी ते बरेचदा जड असते आणि त्यात प्राणवायू कमी असतो. तेही रात्रभर उघडे ठेवून, बुडबुडे सोडून वापरावे. आर.ओ. यंत्राचे नुसते पाणीही योग्य नाही, कारण त्यातले माशांना आवश्यक असलेले क्षार निघून गेलेले असतात.

आणखी एक शत्रू आपण मोठ्या आदराने घरात ठेवतो, तो म्हणजे तांबे. तांब्याच्या कळशीतले पाणी आपल्याला कितीही चांगले वाटो, माशांना तांबे विषारी आहे. कोळंबी आणि गोगलगायींना तर अधिकच. तांब्या-पितळेच्या भांड्यात साठवलेले पाणी टाकीत ओतू नका. थंडीत पाणी कोमट करण्यासाठी गीझरचे पाणीही मिसळू नका. अनेक गीझरमध्ये तांब्याच्या नळ्या असतात. त्याऐवजी स्टीलच्या पातेल्यात थोडे पाणी तापवून घ्या. भरभराट व्हावी म्हणून टाकीत तांब्याची नाणी टाकणाऱ्यांनी तर ती आजच बाहेर काढावीत. समुद्रावरून आणलेले शंख-शिंपले आणि संगमरवराचे तुकडे पाण्याचा जडपणा वाढवतात. दगडावर लिंबाचे दोन थेंब टाकून पाहा. फेस आला तर तो दगड टाकीत घालू नका.

स्वच्छतेचा अतिरेक

रविवार उजाडला की, काही घरांत टाकीचे 'अभ्यंगस्नान' ठरलेले असते. मासे बादलीत, रेती उन्हात, फिल्टरचा स्पंज नळाखाली आणि काच लखलखीत. संध्याकाळी टाकी नव्यासारखी दिसते. पुढच्या तीन-चार दिवसांत एकेक मासा मरू लागतो आणि 'इतकी स्वच्छता राखूनही' म्हणून घरातली मंडळी हळहळतात.

इथे मासे मरतात ते याच स्वच्छतेमुळे. माशांच्या विष्ठेतून, श्वासोच्छ्वासातून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. रेतीत आणि फिल्टरच्या स्पंजमध्ये राहणारे उपयोगी जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. स्पंज क्लोरीनच्या पाण्याखाली पिळला की, ते मरतात आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते.

म्हणून आठवड्यातून एकदा फक्त पाव हिस्सा पाणी बदला. तळाची घाण नळीने ओढून घ्या. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या त्याच पाण्यात हलक्या हाताने खळबळा. नवी टाकी आणली त्याच दिवशी ती माशांनी भरू नका. आधी दोन-तीन काटक मासे ठेवा, त्यांना थोडेच खाद्य द्या आणि बाकीचे महिना-दीड महिन्याने आणा. हौशी मुलांना तेवढा धीर शिकवता आला तर तोही फायदाच.

टाकी ठेवायची कुठे?

टाकी अशी जागा मागते की, जिथे ऊन, धूर आणि धक्का तिन्ही लागत नाहीत. खिडकीतल्या उन्हाने शेवाळ माजते आणि पाणी तापते. पाणी तापले की, त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशाला जेमतेम साडेसात. उन्हाळ्यात दुपारी मासे वर येऊन धापा टाकतात ते यामुळेच. अशा वेळी टाकीचा दिवा बंद करा, पंप पूर्ण सुरू ठेवा आणि पाण्यावरून पंख्याचा वारा जाऊ द्या. बर्फाचे खडे थेट पाण्यात टाकू नका, एकदम बदललेले तापमान मासे सहन करू शकत नाहीत.

गप्पी, मॉली, एंजल, टेट्रा अशा उष्ण प्रदेशातल्या माशांना २४ ते २८ अंश तापमान मानवते. दिल्ली, लखनौ, नागपूरच्या थंडीत त्यांना हीटर लागतो. खोलीत रात्रभर एसी आणि दिवसा उकाडा असेल तरीही तापमान स्थिर ठेवायला हीटर उपयोगी पडतो. गोल्डफिशला मात्र थंड पाणीच आवडते, म्हणून त्याला या माशांसोबत ठेवू नये.

टाकी स्वयंपाकघराला लागून असेल तर फोडणीच्या धुरातले तेल पाण्यावर बसते. हा तेलकट तवंग हवा आणि पाण्याच्या मध्ये पडद्यासारखा येतो. असा तवंग दिसला तर टिपकागद अलगद पाण्यावर पसरून उचलून घ्या. दोन-तीन वेळा केले की, पाणी मोकळे होते. धूप, कापूर आणि उदबत्तीही पंपापासून दूर ठेवा.

टाकीच्या वजनाचाही विचार करा. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत सुमारे ५५ लिटर पाणी मावते. काच आणि रेती धरून हे वजन सत्तर किलोच्या आसपास जाते. ते फ्रिजवर, डुगडुगत्या स्टुलावर किंवा वर्तमानपत्राच्या रद्दीवर पेलणार नाही.

विजेचा खेळ

पाणी आणि वीज शेजारी आली की, धोका माशांनाही आणि माणसांनाही. टाकीत हात घालण्यापूर्वी दिवा, पंप, फिल्टर आणि हीटर यांची बटणे बंद करून प्लग काढा. हीटर बंद केल्यावर पंधरा मिनिटे थांबा आणि मगच पाणी उपसा. तापलेला हीटर उघडा पडला तर त्याची काच तडकू शकते. प्रत्येक वायरीला प्लगच्या पातळीखाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी प्लगमध्ये न जाता खाली ठिबकेल. घराच्या विजेच्या बोर्डावर गळती होताच प्रवाह तोडणारे ३० मिलिअ‍ॅम्पिअरचे आर.सी.सी.बी. बसवलेले असावे.

एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा. तो खाली ठेवला तर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे वाहत पंपात आणि जमिनीवर येते. जागाच नसेल तर नळीत एकमार्गी झडप बसवा, ती दुकानात अगदी स्वस्त मिळते.

वीज बराच वेळ गेली तर माशांना खायला देऊ नका. दर दहा-पंधरा मिनिटांनी मगभर पाणी उचलून थोड्या उंचीवरून पुन्हा टाकीत ओता, हवा मिसळते. सेलवर चालणारा छोटा पंप घरात असलेला बरा. बंद डब्याचा फिल्टर अनेक तास थांबला असेल तर आतले पाणी सडते. तो टाकीच्या पाण्याने खळबळून मगच सुरू करा.

प्रेमाने होणारे घात

मुलांना मासे आवडतात, पाहुण्यांनाही. सगळेच चिमूटभर खाद्य टाकतात आणि दिवसाअखेर ती चिमूट मूठ होते. बिस्किटे, शेव, पोळीचे तुकडे तळाशी कुजतात आणि पाणी नासते. दिवसातून एकदा-दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य पुरे. त्याचे काम एकाच व्यक्तीकडे द्या. चार-पाच दिवस गावी जायचे असेल तर मोठे, निरोगी मासे तेवढे दिवस उपाशी राहू शकतात. शेजाऱ्यांना किल्ली द्यायचीच असेल तर रोजचे खाद्य कागदाच्या पुड्यांत मोजून ठेवा, डबा लपवून जा.

टाकीला झाकण हवेच. अरोवानासारखे मासे उडी मारण्यात पटाईत असतात, छोटे मासेही घाबरले की, उसळतात. झाकणामुळे मांजर आत डोकावत नाही, पाल पडत नाही आणि मुलांची पेन्सिल किंवा खेळणीही आत जात नाहीत. काचेवर टिचक्या मारणेही बंद करायला लावा. पाण्यातून हा आवाज आणि हादरा माशांपर्यंत जोरात पोहोचतो.

दिवाळीत हे सगळे धोके एकदम येतात. भिंतींना रंग, फर्निचरला पॉलिश, टर्पेंटाइनचा वास, फटाक्यांचा धूर. रंगकाम ठरले की, आधी टाकीची सोय करा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री टाकीजवळची खिडकी बंद ठेवा.

ओळखायचे कसे, करायचे काय?

रोग आणि विषबाधा यांतला फरक ओळखण्याची एक सोपी खूण आहे. रोगाने मासे सहसा एकेक करून आजारी पडतात. काही तासांत सगळ्याच जातींचे मासे एकदम तडफडू लागले, पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागले, गोल गोल फिरू लागले किंवा तोल जाऊन कलंडू लागले तर पाण्यात काहीतरी गेले आहे असे समजा.

अशा वेळी औषधांच्या बाटल्या शोधण्यात वेळ घालवू नका. आधी खिडक्या उघडा. खोलीत फवारा, धूर किंवा रंगाचा वास असेल तर हवा मोकळी होईपर्यंत पंप बंद ठेवा, मग पूर्ण जोरात सुरू करा. घरात मुरवलेले पाणी तयार असेल तर टाकीतले निम्मे पाणी बदला. नव्या पाण्याचे तापमान जुन्याइतकेच असू द्या. विष नक्की गेले आहे अशी खात्री असेल तर मासे सरळ मुरवलेल्या पाण्याच्या बादलीत हलवा. फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा घाला, तो बरीच रसायने शोषून घेतो. त्या दिवशी खाद्य देऊ नका. मुरवलेल्या पाण्याची एक झाकलेली बादली कायम भरून ठेवण्याची सवय लावून घ्या. ऐन वेळी तिच्याइतका उपयोग कशाचाच होत नाही.

सगळे करूनही काही मासे वाचणार नाहीत. काही म्हातारे होऊन मरतील, काही दुकानातूनच आजार घेऊन आलेले असतील. पण मेलेल्या माशाला गुपचूप फेकून देऊन त्याच रंगाचा दुसरा आणून ठेवू नका. मुलाला शेजारी बसवून कालच्या दिवसाचा हिशेब मांडा. काय फवारले? पाणी कुठले घातले? हात कुणी घातला? वीज गेली होती का? 'माशाने आपले संकट घेतले' हे ऐकून मुलाला क्षणभर बरे वाटेल. 'आपले चुकले, पुढे असे करायचे नाही' हे ऐकून त्याला वाईट वाटेल, पण जबाबदारी म्हणजे काय, हे तो तिथेच शिकेल. आणि टाकीत राहिलेले मासे जगतील.

टाकीशेजारी लावून ठेवा

- या खोलीत फवारा, फिनाईल, रंग, धूर नको.
- पेस्ट कंट्रोलपूर्वी टाकी हलवा. नाहीतर पंप बंद, टाकी झाकलेली आणि या खोलीत फवारणी नाही.
- नळाचे पाणी २४ तास उघडे ठेवूनच वापरा.
- तांब्या-पितळेचे भांडे, नाणी, तुरटी, गीझरचे पाणी वर्ज्य.
- आठवड्यातून एकदा पाव हिस्सा पाणी बदला. साबण कधीही नाही.
- हात घालण्यापूर्वी हात साध्या पाण्याने धुवा, प्लग काढा.
- खाद्य एकानेच द्यावे, दोन मिनिटांत संपेल एवढेच.
- झाकण कायम लावलेले.
- मुरवलेल्या पाण्याची एक बादली नेहमी तयार.